वकील पहिला कसा आला

आधी कबूल करा, की हसणार नाही. नाहीतर मी हा चहा पिऊन गुपचूप निघून जाईन. काय झालं म्हणून सांगू! अख्ख्या तालुक्यासमोर, मोठ्या टीव्हीवर, माईक चालू असताना माझी जी शोभा झाली, तशी शत्रूचीही होऊ नये. आणि मजा बघा, शेवटी गुलालही माझ्याच कपाळाला लागला! फजिती आणि गुलाल, दोन्ही एकाच बाईच्या वाट्याला आलेले तुम्ही कधी ऐकलेत का?

तर ऐका.

मी मलकापूरला कॉलेजात मुलांना कम्प्युटर शिकवते. सासर नांदुऱ्यापासून आत, चहूबाजूंनी कापूस. माझे सासरे, ज्यांना मी मामाजी म्हणते आणि गाव दादाराव म्हणतं, ते आमच्या गावच्या शंकरपटाचे अध्यक्ष. शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. पण आमच्याकडची पद्धत अशी की जोड्या एकमेकींच्या शेजारून पळत नाहीत. एकेक जोडी एकटीच सुटते आणि घड्याळाशी पळते. जिला सगळ्यांत कमी सेकंद लागले, ती पहिली.

आता घड्याळ आलं की घड्याळवाला आला, आणि घड्याळवाला आला की भांडण आलंच! "बटन उशिरा दाबलं!" "तुया जोडीच्या टायमाले लवकर दाबलं!" मागच्या वर्षी तर घड्याळवाल्याच्या शर्टाची सगळी बटणं मैदानावर सांडली. बिचारा छाती झाकत घरी गेला. मग गावच्या जाणत्या मंडळींनी बसून ठरवलं, की पुढच्या पटात भांडण झालं तर पट कायमचा बंद.

मामाजींना जेवण गोड लागेना. कोर्टाने घातलेली पटावरची बंदी उठल्यावर घरोघरी फिरून, एकेकाला समजावून त्यांनीच आमचा पट पुन्हा उभा केला होता. त्यांचा जीव त्या मैदानात. स्वतःची जोडी मात्र कधी धड जिंकली नाही. का ते सांगते.

जोडीत दोन बैल. एक हिरा. नावाप्रमाणे गुणी, इशारा केला की सुटणारा. दुसरा वकील! वासरू होता तेव्हाच त्याला हे नाव पडलं. कारण काहीही करायला सांगा, हा आधी थांबणार, विचार करणार, मग हंबरून विरोध नोंदवणार, आणि मग वाटलं तर करणार. पळायला लागला तर वारा. पण ते पळायला लागणं कधी होईल, हे त्यालाच ठाऊक.

एका रविवारी मामाजी ओसरीवर कपाळाला हात लावून बसले होते. मी चहा नेऊन दिला आणि बोलून गेले, "मामाजी, घड्याळवाला कायले पाह्यजे? मी कम्प्युटरवर करून देते. माणसाचं बोटच नको मधी."

मामाजींनी मान वर केली. "जमन का सुनबाई?"

"जमन म्हंजे? हे त माह्यं रोजचं काम!"

ऐकलंत ना? रोजचं काम! लक्षात ठेवा हे वाक्य, पुढे लागेल.

युक्ती साधी होती. मैदानाच्या सुरुवातीला एक धागा आडवा बांधायचा, शेवटाला दुसरा. पहिला धागा बैलांच्या छातीने तुटला की मोजणी सुरू, दुसरा तुटला की बंद. दोन्हीकडून वायरी माझ्या लॅपटॉपला. लॅपटॉपवर मी स्वतः लिहिलेला छोटासा प्रोग्राम. जोडी सुटायच्या आधी मी एक कमांड टाईप करायची. प्रोग्रामचं नाव, जोडीचं नाव, मग > असा बाण आणि फाईलचं नाव. एंटर! जोडी धावली की तिची वेळ आपोआप फाईलमध्ये. ना बोट, ना बटण, ना भांडण.

नवरोबा, म्हणजे प्रमोद, शेजारी शेंगा फोडत बसले होते. म्हणाले, "एवढं कायले करतं? एक्सेल उघड, नाव टाक, वेळ टाक, झालं."

मी असं काही हसले, की पुढचा आठवडाभर त्यांनी माझ्याकडे पाण्याचा ग्लाससुद्धा मागितला नाही. "एक्सेल? त्या धुळीत माऊस हलवत बसू? जानकार लोक काळ्या पडद्यावर काम करतात, समजलं?"

आणि मग मी अजून एक शहाणपणा केला. म्हटलं, मामाजी, प्रत्येक जोडी धावली की वेळ सांगायची, म्हणून तर लोक टेबलावर चढून येतात. या वर्षी कोणाचीच वेळ कोणाला सांगायची नाही. सगळं फाईलमध्ये बंद. शेवटी एकदम मोठ्या टीव्हीवर निकाल! मामाजी खूश. मंडळी खूश. मी तर इतकी खूश, की घरात चालताना मान ताठ ठेवून मानेत लचक भरली.

घरी मी चाचणीही घेतली बरं का. आंगणात दोन धागे बांधले, हाताने तोडले, फाईल उघडली. एक ओळ, त्यात वेळ. झकास! एकदाच तपासलं. परत कशाला तपासायचं? चालतंय ना?

पटाचा दिवस उजाडला. संक्रांत होऊन गेलेली, कापूस वेचून झालेला, रिकामी शेतं माणसांनी भरलेली. मोताळ्याकडून, जळगावकडून टेम्पो भरून जोड्या आल्या. मोताळ्याकडच्या बबनरावांची तुफान-शंभू ही जोडी आली, तेव्हा तर लोक बघायलाच धावले. बबनराव म्हणजे पहिला नंबर घरूनच घेऊन येणारा माणूस. मिशा अशा, की एका टोकावर लिंबू ठेवा, पडणार नाही.

माईकवर शेषराव काका. एस.टी.त कंडक्टर होते. निवृत्त झाले, पण आवाज निवृत्त झाला नाही. माझं टेबल शेवटच्या धाग्याशेजारी. डोक्यावर पदर, डोळ्यांवर काळा चष्मा, समोर काळा पडदा. बायका लांबून बोट दाखवून एकमेकींना सांगत होत्या, "थे पाह्य, दादारावची सून. सारा पट तिच्या हातात हाय!"

पटाच्या मंडळातले एकजण वाकून म्हणाले, "सुनबाई, तुमचं मशीन बंद पडलं का? पडदा काळाच दिसून राह्यला."

मी त्यांच्याकडे फक्त पाहिलं.

दिवसभर जोड्या सुटत होत्या. नाव, बाण, फाईल, एंटर! धूळ, आरडाओरड, शिट्ट्या, तट्कन धागा! पुन्हा नवा धागा, पुन्हा नाव, बाण, फाईल, एंटर. तुफान-शंभू तर असे आले, की मला नुसता वारा लागला, बैल दिसलेच नाहीत. आणि एकही भांडण नाही! वेळ कोणाला माहीतच नाही तर भांडायचं कशावरून? मामाजी दर थोड्या वेळाने माझ्या टेबलाजवळ येत, काळ्या पडद्याकडे पाहत आणि समाधानाने परत जात. तुम्हाला खरं सांगते, लग्न झाल्यापासून इतका अभिमान त्यांना माझा कधी वाटला नव्हता, आणि मला तो फार गोड लागत होता.

शेवटी अध्यक्षांची जोडी. अध्यक्ष म्हणून मामाजींनी मोठेपणाने आपली जोडी सगळ्यांच्या मागे ठेवली होती. हिरा-वकील सुटले. धागा तुटला. काय सुटले म्हणता! लोक उभे राहिले. अर्ध्या मैदानापर्यंत वारा. आणि तिथे, कडेला, आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, हातात हिरव्या हरभऱ्याची पेंढी घेऊन सोले, म्हणजे ओले दाणे, खात उभ्या होत्या.

वकील थांबला.

त्याने हरभऱ्याकडे पाहिलं. विचार केला. जोखडासकट, हिऱ्यासकट, गाडीसकट कडेला वळला आणि आत्याबाईंच्या हातातली पेंढी खायला लागला. गाडी हाकणारा धुरकरी ओरडतोय, हिरा पाय आपटतोय, आत्याबाई "हट मेल्या!" करतायत, आणि हा निवांत चावतोय! अख्खं मैदान लोळून लोळून हसलं. पेंढी संपल्यावर वकील रमतगमत आला आणि शेवटचा धागा असा तोडला, जसं काही फीत कापायला पाहुणा आला आहे.

असो. पट संपला. निकालाची वेळ. टीव्ही स्टेजवर, वायर लॅपटॉपला, गर्दी अगदी बैलांच्या शेपटांपर्यंत दाटलेली. मी पदर खोचला. गर्दीकडे एकदा पाहिलं. फाईल उघडायची कमांड टाईप केली आणि एंटर दाबलं.

टीव्हीवर एक ओळ आली. हिरा-वकील, ५२ सेकंद.

मी वाट पाहिली. म्हटलं, बाकीच्या येतायत. पण बाकीचं काही आलंच नाही. खाली पांढरी पट्टी नुसती लुकलुकत होती.

शेषराव काकांना त्याचं काय? पडद्यावर जे दिसेल ते वाचायचं, एवढंच त्यांना सांगितलेलं. त्यांनी श्वास भरला आणि गर्जना केली, "आपल्या पटाचा पह्यला नंबर! हिरा अन् वकील! वेळ... बा... बावन्न सेकंद?"

त्यांनी वळून टीव्हीकडे पुन्हा पाहिलं. पण डफडेवाल्यांना 'पह्यला नंबर' एवढंच ऐकू गेलं. डफडी कडाडली. गुलालवाल्यांनी गुलाल उधळला, तो नेमका वकिलावर. वकील दचकला आणि हंबरून विरोध नोंदवला. तोच काय तो त्या क्षणी मैदानावरचा प्रामाणिक प्राणी!

मग डफडी थांबली. आणि बबनराव स्टेजवर चढले.

"दादाराव, हे काय होऊन राह्यलं? तुमचा बैल मैदानात हरभरा खात व्हता! पंगतीले बसल्यावानी! थो पह्यला? अन् माह्या तुफानची वेळ कुठी हाय?"

"आहे," मी म्हटलं.

"कुठी?"

"खाली असन."

मी खाली गेले. खाली काही नव्हतं. वर गेले. वरही काही नव्हतं. अहो, एका ओळीत वर-खाली करायला असतंच काय?

गर्दीतून आवाज आला, "अध्यक्षाची जोडी, अध्यक्षाची सून, अन् टीव्ही बी अध्यक्षाच्या घरचा!"

दुसरा म्हणाला, "म्हनूनच वेळ लपवून ठेवली दिवसभर! आता समजलं!"

झालं! माझीच युक्ती माझ्याच गळ्यात. लोक स्टेजकडे सरकायला लागले. मी दिवसभर टाईप केलेल्या कमांडी एकेक करून पाहिल्या. नाव, बाण, फाईल. नाव, बाण, फाईल. एकच बाण. प्रत्येक वेळी एकच बाण!

तुम्हाला सोपं करून सांगते. एक बाण म्हणजे आधी पाटी पुसायची आणि मग लिहायचं. दोन बाण, असे >>, म्हणजे आधीचं राहू द्यायचं आणि त्याच्या खाली लिहायचं. मी दिवसभर प्रत्येक जोडीच्या वेळी आधीच्या जोडीची पाटी पुसत बसले होते! तुफान-शंभूची वेळ त्यांच्या मागच्या जोडीने पुसली, तिची तिच्या मागचीने, आणि सगळ्यांत शेवटी वकील आला आणि त्याने सगळा तालुका पुसून टाकला. घरच्या चाचणीत हे दिसलं कसं असतं? पाटीवर एकच ओळ लिहिली तर पुसून लिहिली की खाली लिहिली, कोणाला कळणार?

आणि हे मी कॉलेजात शिकवते हो! याच चुकीसाठी पोरांचे मार्क कापते! "अरे, दोन बाण द्यायला हात दुखतो का तुमचा?" हे माझं वर्गातलं आवडतं वाक्य.

मामाजी जवळ आले. हळूच म्हणाले, "सुनबाई, खरं सांग. साऱ्या वेळा कुठी गेल्या?"

"पुसल्या गेल्या, मामाजी. मीच पुसल्या."

"साऱ्या?"

"शेवटची सोडून."

"शेवटची कोनाची व्हती?"

"आपली."

ते खुर्चीवर बसले. रागावले नाहीत, ओरडले नाहीत, नुसते मैदानाकडे बघत राहिले. मला रडू आलं. माझी फजिती होवो, ती मी पचवली असती. पण आता भांडण पेटणार, जाणती मंडळी पट बंद करणार, आणि या माणसाने दारोदार फिरून उभं केलेलं सगळं माझ्या एका बोटाने पुसलं जाणार, हे मला सहन होईना. मी शेषराव काकांच्या हातातला माईक ओढला.

"ऐका! लबाडी नाई झाली. चूक झाली. अन् थे चूक माही हाय! दोन बाण द्याले पाह्यजे होते, म्या एकच दिला!"

मग बबनराव म्हणाले, "बाई, तुमी कम्प्युटरच्या मास्तरीन ना?"

"हाव."

"मंग मास्तरीन कशी काय चुकन?"

"चुकली ना!"

"असं कसं? दिवसभर तुमीच सांगून राह्यल्या, कम्प्युटर चुकत नाई म्हनून!"

"कम्प्युटर नाई चुकला हो भाऊ! मी चुकले!"

"नाई, नाई. एवढ्या शिकेल बाईची एवढी बारकी चूक व्हतच नाई. हे ठरवूनच केलं!"

आता बोला! चूक कबूल करतेय, तर लोक मानायला तयार नाहीत. जन्मभर मी स्वतःच्या हुशारीचा एवढा डंका पिटला होता, की आज माझ्या मूर्खपणावर विश्वास ठेवायला तालुक्यात एक माणूस मिळेना. नाही, एक मिळाला. नवरोबा गर्दीतून ओरडले, "चुकू शकते! मी सांगतो ना, चुकू शकते!" संसारात पहिल्यांदा त्यांनी माझी बाजू घेतली, तीही अशी.

मग मामाजी उठले. टोपी नीट केली. माझ्या हातातून माईक घेतला.

"भाऊ हो, म्या एकच ईचारतो. लबाडी करनारा मानूस चांगली वेळ लिहीन का वाईट? बबनराव, तुमी लबाडी केली असती त काय लिहिलं असतं? आठ? नऊ? म्या अन् माह्या सुनेनं लबाडी करून बावन्न लिहिलं का? अन् करायचीच असती, त वकिलासाठी केली असती का? अरे, त्या वकिलासाठी? सारं गाव हाय साक्षीले, कोन लबाडी करन त्याच्यासाठी?"

सगळ्यांनी वकिलाकडे पाहिलं. गुलालाने माखलेला वकील त्याच वेळी स्टेजवरच्या पाहुण्यांसाठी ठेवलेला हार खात होता.

आधी कोण हसलं ते माहीत नाही. पण मग मैदान असं हसलं, की टीव्ही हलला. बबनरावांनी बराच वेळ मिशा दाबून धरल्या, शेवटी तेही फुटले. "हे बाकी खरं हाय, दादाराव! वकिलासाठी लबाडी करनारा मानूस अजून जन्माले याचा हाय!"

हीच संधी साधून मामाजी म्हणाले, "मंग आजचा निकाल रद्द. उद्या सकायी पुन्हा पट! सारे पाहुने मुक्कामाले. रोडगे अन् वांग्याची भाजी माह्याकडून!"

अहो, काय तो जल्लोष! दोन दिवसांचा पट आमच्या पंचक्रोशीत कधी कोणी पाहिला नव्हता. भांडायला आलेली माणसं गोवऱ्या गोळा करायला धावली. बबनरावांनी तीन अटी घातल्या. उद्या अध्यक्षांची जोडी सगळ्यांत आधी सुटेल, प्रत्येक वेळ तिथल्या तिथे माईकवर सांगायची, आणि ते स्वतः माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसतील. मामाजींनी तिन्ही मान्य केल्या. संध्याकाळी कणकेचे रोडगे गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजले, तुपात बुडवले, गाव आणि पाहुणे एका पंगतीत जेवले. प्रमोदनी घास हातात धरून माझ्याकडे पाहिलं आणि तोंड उघडलं, "एक्से..." मी नुसती नजर वर केली. ते गुपचूप जेवले.

सकाळी मी उजाडताच मैदानावर. या वेळी दोन बाण. पण आंगणातली चाचणी नको, खऱ्या मैदानावर, खऱ्या धाग्यांनी चाचणी हवी. आता धागे तोडायचे कोणी? बैलांना दमवता येत नाही. मग उरलं कोण? मी आणि आमचे हे!

कमांडमध्ये जोडीचं नाव लागतं, म्हणून टाईप केलं, प्रमोद-सुनंदा. दोन बाण, तीच फाईल, एंटर. मग दोघं सुरुवातीला गेलो. एकमेकांचा हात धरला आणि पळालो. पहिला धागा तुटला. वीसेक पावलं झकास गेली. मग माझी चप्पल तुटली. मग माझ्या निरीत माझाच पाय अडकला. आणि मग यांना फोन आला. तुम्हाला वाटेल, खिशात वाजू दिला असेल. छे! मैदानाच्या मध्यात उभे राहून उचलला. "हं, बोल बे! नाई, नाई, कामात नाई, बोल!" मी हात ओढतेय, हे गुरांच्या ढेपेचा भाव विचारतायत! शेवटी कसंबसं ओढत नेऊन दुसरा धागा तोडला.

धापा टाकत फाईल उघडली. दोन ओळी! वर कालची वकिलाची, तिच्या खाली आमची. ओळीखाली ओळ! मी आनंदाने उडीच मारली. आणि त्या फाईलला हातही लावला नाही. कालच्या नंतर पुसणं या शब्दाचीच मला धास्ती बसली होती.

पट सुरू झाला. बबनराव माझ्या शेजारी, नाक पडद्याला लावून. पहिली जोडी हिरा-वकील. पण या वेळी मामाजींनी एक बदल केला होता. कालच्यासारखी हरभऱ्याची पेंढी घेऊन आत्याबाई मैदानाच्या कडेला नव्हत्या. त्या होत्या शेवटच्या धाग्याच्या पलीकडे, अगदी सरळ रेषेत! बबनरावांनी जाणत्या मंडळींना विचारलं, असा नियम आहे का? मंडळींनी डोकी खाजवली. सासू कुठे उभी राहावी याबद्दल पटात काही नियम नव्हता.

वकिलाने पेंढी पाहिली. आणि सुटला!

काय सांगू! माती नाही, ढग उडाला. हिऱ्याला तर आयुष्यात पहिल्यांदा जोडीदाराच्या मागे पळावं लागलं. धागा तुटला, आत्याबाई पेंढी टाकून पळाल्या, मी फाईल उघडली, आणि बबनरावांनीच पडद्यावरचा आकडा मोठ्याने वाचला. वाचताना त्यांचा आवाज खाली खाली गेला.

मग एकेक जोडी आली, एकेक वेळ माईकवर गेली. कालच्या धावण्याने बाकीचे बैल थोडे आंबलेले. वकील मात्र काल पंगतीला बसून ताजातवाना! सगळ्यांत शेवटी तुफान-शंभू आले. बबनराव खुर्चीवरून उठून उभे राहिले. आकडा आला. वकिलाच्या आकड्यापेक्षा जरासा जास्त. अगदी जरासा!

बबनरावांनी एकदा आकडा पाहिला, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि मग स्वतःच माईक घेऊन ओरडले, "हिरा-वकील पह्यले! म्या माह्या डोयानं पाह्यलं! या बाईची मशीन खरी हाय!" त्यांनी मामाजींना मिठी मारली. मामाजींच्या डोळ्यांत पाणी. त्यांनी मुठीत गुलाल घेतला आणि आधी बैलांना न लावता माझ्या कपाळाला लावला. म्हणाले, "सुनबाई, पट राह्यला."

जाणत्या मंडळींनी तिथेच सांगितलं, की पुढच्या वर्षीही पट होणार आणि दोन दिवसांचाच होणार. डफडी वाजली. मी गुलालात न्हाऊन स्टेजवर उभी. चला, म्हटलं, पुसलेलं सगळं भरून निघालं! आता इथे थांबले असते तर किती बरं झालं असतं.

पण मी थांबणारी बाई आहे का? शेषराव काका म्हणाले, "सुनबाई, सारा निकाल दाखवा की टीव्हीवर. वरपासून खालपर्यंत."

मी ऐटीत कमांड दिली. कमी वेळ सर्वांत वर, जास्त वेळ सर्वांत खाली. टीव्ही ओळींनी भरून गेला. आणि शेषराव काकांनी आपल्या सवयीप्रमाणे, जे दिसेल ते वाचायला सुरुवात केली. पहिला नंबर, टाळ्या. दुसरा नंबर, टाळ्या. असं करत करत ते खाली आले.

"शेवटून दुसरा नंबर, हिरा-वकील, बावन्न सेकंद!"

लोक हसले. वकील पहिलाही आणि शेवटून दुसराही! कालची ओळ, दोन बाणांनी इमानदारीने जपून ठेवलेली. मीही हसले. आणि हसता हसता माझ्या लक्षात आलं, की शेवटून दुसरा वकील असेल तर शेवटचा कोण. मी लॅपटॉपकडे झेपावले. पण एस.टी.चा कंडक्टर थांबा आल्याशिवाय थांबत नाही.

"अन् शेवटचा नंबर! प्रमोद-सुनंदा! वेळ, एकशे चार सेकंद!"

बबनरावांनी मान तिरकी करून टीव्ही पाहिला. "एकशे चार? ही जोडी कोन्या गावची बाप्पा? म्या त पाह्यली नाई. लंगडी गिंगडी हाय का?"

मामाजींनी माईक घेतला. चेहरा अगदी गंभीर. "नाई, बबनराव. आमच्याच घरची हाय. बायको मास्तरीन हाय, अन् नवरा मैदानात फोन उचलते."

त्या हसण्याचा आवाज नांदुऱ्याच्या स्टेशनावर गेला असणार. आणि एवढ्यावर भागलं नाही हो! शेवटच्या जोडीला उत्तेजन म्हणून, बैलांच्या खुराकासाठी, सरकीच्या ढेपेचं पोतं द्यायची आमच्या पटात पद्धत आहे. मंडळ नियमाला पक्कं. शेषराव काकांनी नाव पुकारलं, डफडी वाजली, आणि आम्ही नवरा-बायको हात धरून स्टेजवर गेलो आणि पोतं घेतलं. फोटो आहे. आमच्या घरी दर्शनी भिंतीवर मामाजींनी लावलाय.

ढेपेचं आम्ही काय करणार? गोठ्यात ठेवली, वकील खातो. पण रोज संध्याकाळी त्याला द्यायच्या आधी मामाजी गोठ्यातून स्वयंपाकघराकडे तोंड करून, साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारतात,

"सुनबाई! तुया बक्षिसातलं देऊ का त्याले थोडं? का तुले लागते?"